मुक्काम पोस्ट पाचाड

शाळेच्या सहलीची फाइल उघडली की सगळ्यात वर एसटीच्या प्रासंगिक कराराचा कागद असतो. त्याखाली शिक्षण खात्याची परवानगी, मग पालकांची संमतिपत्रं, मुलींच्या रक्तगटांची यादी, प्रथमोपचार पेटीतल्या औषधांची यादी. मुक्कामासाठी मात्र या फाइलीत एकच रकाना आहे आणि तोही बोटभर रुंदीचा. त्या रकान्यात काय लिहायचं हे शोधण्यात माझ्या सतरा वर्षांतल्या दिवाळीच्या सुट्ट्या गेल्या. त्यांतली एकही वाया गेली असं मला वाटत नाही.

मी पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. आठवीची सहल दरवर्षी किल्ल्यावर न्यायची ही प्रथा माझ्याआधीच्या बाईंनी पाडली. एक वर्ष रायगड, एक वर्ष दुसरा कुठला तरी किल्ला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा फाइल माझ्या हातात देताना म्हणाल्या, "गडाची माहिती पुस्तकात मिळेल गं. पण मुली झोपणार कुठे, हे तुझं तुलाच जाऊन बघावं लागेल." त्या बोलण्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते 2008 सालच्या डिसेंबरात, महाडमध्ये, रात्री नऊ वाजता.

रायगड महाडपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. सोय म्हणून मी महाडमधल्या एका लॉजवर फोनवरूनच खोल्या ठरवल्या होत्या, आगाऊ रक्कमही पाठवली होती. ताम्हिणी उतरून, वाटेत एक टायर बदलून आम्ही पोचलो, तर खोल्या लग्नाच्या वऱ्हाडाला दिलेल्या. गाद्यांवर माणसं झोपलेलीसुद्धा होती. मालक म्हणाले, "उद्या सकाळी देतो." बेचाळीस मुली, आम्ही दोन शिक्षिका आणि शाळेतल्या एक सेविका मावशी. बाजारपेठ बंद होत आलेली. मुली बसमध्येच एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपायला लागल्या होत्या. मी काउंटरवर आवाज चढवून भांडले आणि बाहेर येऊन बसच्या पायरीवर बसले. मला काही सुचत नव्हतं.

तेव्हा आमचे चालक म्हणाले, "बाई, माझी मामेबहीण पाचाडला दिलेली आहे. फोन करून बघू का?" शेजारच्या बूथवरून त्यांनी फोन लावला. दोन मिनिटं बोलले आणि परत येऊन नुसतं म्हणाले, "बसा. चला."

साडेदहाच्या सुमाराला आम्ही पाचाडला पोचलो. गावात वीज गेलेली होती. रस्त्यावर तीन बायका कंदील घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी मुली मोजल्या. मग वाटणी केली, इतक्या माझ्याकडे, इतक्या तुझ्याकडे, उरलेल्या पलीकडे वहिनीकडे. मला कोणी काही विचारलं नाही. चालकांच्या त्या बहिणीला मी तेव्हापासून मावशीच म्हणते. त्यांच्या घरात वीस मुली ओटीवर आणि माजघरात मिळून झोपल्या. त्याआधी मावशींनी विझलेली चूल पुन्हा पेटवून भात आणि कुळथाचं पिठलं केलं. एरवी डब्यातली भाजी नको म्हणणाऱ्या मुलींनी पानात एक शीत ठेवलं नाही.

सकाळी मला जाग आली ती एका मुलीच्या आवाजाने. त्या सगळ्या अंगणात उभ्या होत्या आणि कोणीच काही बोलत नव्हतं, फक्त एकीने मोठ्याने "बाई!" म्हणून हाक मारली होती. समोर रायगड होता. रात्री अंधारात आम्ही त्याच्या इतक्या जवळ येऊन झोपलो होतो हे कोणालाच माहीत नव्हतं. ताठ काळे कडे, त्यांच्या अंगावर सरकत खाली येणारं ऊन आणि खाली अजून सावलीत असलेलं गाव. आदल्या दिवशी वर्गात मी त्यांना गडाची उंची सांगितली होती, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून जास्त. तो आकडा त्या दिवशी त्यांना मान वर करून बघावा लागला. महाडच्या लॉजवर झोपून सकाळी दहाला पायथ्याशी उतरलेल्या मुलींना हे मिळालं नसतं, याची मला खात्री आहे. तेव्हापासून रायगडाच्या सहलीत मुक्कामाच्या रकान्यात मी दुसरं नाव लिहिलेलं नाही.

पाचाडला मुक्काम करणारे आपण पहिले नाही, हे मुलींना सांगायला मला फार आवडतं. जिजाऊ मासाहेब इथेच राहत होत्या. गडावरची थंड, वाऱ्याची हवा त्यांना मानवेना म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधून दिला. आज त्या वाड्याची तटबंदी, चौथरे आणि विहिरी उरल्या आहेत. एका विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात, कारण तिच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या केलेला आहे. महाराज तिथे बसत, पाण्याला येणाऱ्या गावच्या बायाबापड्यांशी बोलत, असं गावात सांगतात. 6 जून 1674 ला गडावर राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला मासाहेबांनी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधी गावातच आहे.

वाड्यात गेलं की मी मुलींना माहिती सांगत नाही. त्यांना चौथरे पावलांनी मोजायला लावते आणि एवढंच विचारते, स्वयंपाक कुठे होत असेल? आंघोळीचं पाणी बाहेर कुठून जात असेल? विहिरीवरून हंडा आणायला किती पावलं पडतील? आदल्या रात्री मावशींच्या घरात मोरीपासून चुलीपर्यंत वावरलेल्या मुली ही उत्तरं फार चटकन शोधतात. दगडाच्या ओळींमधून एक घर उभं राहतं. पुस्तकातल्या राजमाता त्यांच्यासाठी घरात वावरणारी, पाणी मागणारी, वाऱ्याचा त्रास होणारी एक वयस्कर बाई होतात, आणि त्यांच्याबद्दलचा आदर त्यामुळे वाढतोच.

दुसरा पाहुणा इंग्रज. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन नावाचा वकील नजराणा आणि तहाच्या वाटाघाटी घेऊन आला, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच्या मुक्कामाची हकिकत मात्र कोणी सांगत नाही. तो मे महिन्यात पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. त्याला पायथ्याशीच थांबावं लागलं. काही दिवसांनी महाराज परतले, वर येण्याचा हुकूम आला आणि गडावर त्याला एक घर नेमून दिलं गेलं. तिथे या मंडळींसाठी बोकडाच्या मटणाची व्यवस्था होती. ते पुरवणारा म्हातारा खाटीक, एवढं मांस खाणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे बघायला मुद्दाम गड चढून आला, अशी नोंद त्या काळच्या इंग्रजी लेखनात आहे. ऐन राज्याभिषेकाच्या गर्दीत, देशोदेशीचे पाहुणे आणि हजारो ब्राह्मण गडावर असताना, परक्या मुलखातल्या माणसाला घर मिळतं आणि त्याच्या खाण्याची सवय ओळखून सोय होते. महाराजांच्या कारभारात केवढी बारीक नजर होती हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता माझ्या पाहणीबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत मी आधी एकटी जाऊन येते. सुरुवातीला मी खोल्या बघायची, पंखे बघायची, गाद्या मोजायची. अनुभवाने क्रम बदलला. आता मी सगळ्यात आधी पाणी बघते.

"पाणी आहे ना?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भरपूर आहे." कोणी खोटं बोलत नाही, त्यांच्या घरातल्या सहा माणसांना ते भरपूरच असतं. म्हणून मी वेगळं विचारते. नळाला किती वाजता येतं? मोटर बिघडली तर कुठून आणता? मार्चनंतर काय करता? मग टाकीवर चढून आत काठी घालते आणि ओली खूण किती वर आली ते बघते. शेहेचाळीस माणसं, माणशी वीस लिटर धरलं तर नऊशे वीस लिटर. म्हणजे हजार लिटरची एक काळी टाकी एका सकाळीत जवळजवळ रिकामी होणार. ती पुन्हा भरायला किती वेळ लागतो, यावर आमची गडावर निघायची वेळ ठरते. संडास किती आहेत, त्यांना आतून कडी आहे का, दिवा आहे का, वाटेवर उजेड आहे का, हेही मी रात्री बॅटरी न घेता स्वतः चालून बघते. चौदा वर्षांच्या मुलीला रात्री दोन वाजता एकटीने जावं लागलं तर तिला भीती वाटता कामा नये. चार संडास आणि शेहेचाळीस माणसं म्हणजे दर संडासामागे अकरा-बारा जणी. एकीला पाच मिनिटं धरली तरी एक तास. साडेसहाला निघायचं तर उठायचं पाचला. सहलीचं वेळापत्रक गडाच्या पायऱ्यांवर ठरत नाही, ते इथे ठरतं.

पुढे एकदा आज्ञापत्र वाचताना रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांविषयी लिहिलेला भाग पुन्हा नजरेखालून गेला. किल्ला बांधायचा तर आधी त्या जागी पाणी आहे का ते बघावं, असं त्यांनी सांगितलं आहे. पाणी नसेल आणि जागा तर आवश्यकच असेल, तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. एक झरा आहे म्हणून त्यावर विसंबू नये, साठवण वेगळी ठेवावी. ते वाचताना मला पाचाडच्या टाकीवर काठी घेऊन उभी असलेली मी आठवले आणि भरून आलं. तीनशे वर्षांपूर्वीचा एवढा मोठा कारभारी माणूस आणि त्याचा पहिला प्रश्नही पाण्याचाच.

हे मी मुलींना गडावरच्या गंगासागर तलावाच्या काठावर सांगते. कोकणात एवढा पाऊस पडतो की जुलैमध्ये महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरतं, आणि तरी याच डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. पाणी उतारावरून वाहून जातं, काळ्या कातळात मुरत नाही. गडावर मात्र तळी आहेत. बांधकामासाठी दगड काढला त्या खाणींची तळी झाली, म्हणजे एका कामात दोन कामं झाली. हत्ती तलाव कित्येक वर्षं गळका होता, पावसाळा सरला की कोरडा पडायचा. अलीकडे त्याची गळती काढण्याचं काम झालं आणि तो पुन्हा भरला. 2022 ला मुलींना घेऊन गेले तेव्हा मला स्वतःच्या डोळ्यांनी ते पाणी बघायचं होतं. मी काठावर बराच वेळ उभी राहिले.

पाण्याचा विषय निघाला की महाडचं चवदार तळं टाळून पुढे जाता येत नाही, आणि मी जातही नाही. पाचाडला वळण्याआधी बस तिथे थांबते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे मुलींना पाठ असतं. मी त्यांना मुक्कामाच्या बाजूने सांगते. परिषदेला लांबलांबून पायी आलेल्या त्या माणसांना गावात उतरायला जागा सहज मिळणार नव्हती, त्यांच्या पिण्यासाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. गावात आलेल्या माणसाला टेकायला जागा आणि प्यायला पाणी मिळणं हा सोयीचा प्रश्न नाही, तो माणुसकीचा आहे, हे मला चवदार तळ्याच्या काठावर जितकं नेमकं सांगता येतं तितकं वर्गात येत नाही.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते त्याला एक कारण आहे. एका वर्षी, दुसऱ्या एका किल्ल्याच्या पायथ्याला, जागा बघून झाली, दर ठरला, टाकी उत्तम होती. निघताना घराच्या मालकांनी सहज विचारलं, "मुली कोणत्या समाजाच्या आहेत?" मी म्हटलं, "आठवीच्या आहेत." त्यांनी पुन्हा विचारलं, "तसं नाही, घरात देवघर आहे म्हणून." मी दिलेली आगाऊ रक्कम परत मागून घेतली आणि निघाले. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. माझ्या यादीतल्या बेचाळीस नावांतली कोणती नावं त्यांना चालली असती आणि कोणती नाही, हे मला दिसत होतं. त्या किल्ल्याची सहल आम्ही त्या वर्षी रद्द केली आणि रायगडालाच पुन्हा गेलो. पाचाडच्या मावशींनी 2008 च्या त्या रात्री अंधारात कंदील वर धरून मुलींची फक्त डोकी मोजली होती. याची किंमत मला तोवर पुरती कळली नव्हती.

मावशींच्या स्वयंपाकघराबद्दल थोडं सांगते. सहलीच्या दिवशी त्या पहाटे तीनला उठतात. मदतीला दोन जावा असतात. एकीने पीठ उकडायचं, दुसरीने मळून गोळे करायचे, आणि मावशींनी थापायचं. तांदळाची भाकरी पाण्याचा हात लावून परातीत थापताना तिचा आवाज वेगळा येतो, ओला आणि थोडा बसका. नाचणीची भाकरी थापली तर तो आणखी जड. चुलीवर दोन तवे असतात. तव्यावरची भाकरी उलटली की मावशी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढतात. चार रेघा उभ्या आणि पाचवी आडवी. शेहेचाळीस माणसांच्या दोन-दोन, म्हणजे ब्याण्णव. वर चालक-वाहकांच्या आणि "कोणाला जास्त लागली तर" म्हणून आठ. शंभर झाल्या की मावशी पदराने कपाळ पुसतात आणि तवा उतरवायच्या आधी एक भाकरी गाईसाठी टाकतात. तिची रेघ भिंतीवर नसते. सोबत वालाचं बिरडं, लसणाची चटणी आणि कांदा. ही भाकरी दुपारी गडावर जगदीश्वराच्या देवळाबाहेर सावलीत बसून खाल्ली की मुली उरलेला चुरासुद्धा वेचून खातात.

एका वर्षी पहाटे माझ्याबरोबर एक मुलगी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. घरी आई नसलेली मुलगी होती ती. मावशींनी तिला काही न विचारता एक गोळा हातात दिला. तिने थापलेली भाकरी कडेला फाटली. मावशींनी बोटाने ओलं पीठ लावून ती सांधली आणि तव्यावर टाकली. भिंतीवर रेघ ओढायला कोळसा मात्र तिच्याच हातात दिला.

गड आणि पायथा यांचं नातं असंच चालत आलेलं असणार. हिरकणीची गोष्ट आपण सगळे जाणतो. दूध विकायला गडावर गेली, दरवाजे बंद झाले, तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून घरी आली. दंतकथा म्हणून ती बाजूला ठेवली तरी पायथ्याच्या बाया रोज दूध, दही, लाकूडफाटा घेऊन गड चढत असणार हे उघड आहे, नाहीतर वर राजधानी जगली कशी असती? आजही पायऱ्यांवर जागोजागी ताक, कोकम सरबत आणि मीठ-मसाला लावलेली काकडी घेऊन बसलेल्या बाया दिसतात. त्या पहाटे खालून कळशी डोक्यावर घेऊन चढलेल्या असतात. चौदाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मुलींना मी सांगून ठेवते की ताकाचे पैसे देताना घासाघीस करायची नाही, आणि पेला रिकामा झाला की तो परत त्यांच्या हातात द्यायचा. 1996 साली हिरकणीवाडीहून रोपवे सुरू झाला. वयस्कर माणसांची मोठी सोय झाली, माझ्या आईने पंचाहत्तराव्या वर्षी रायगड बघितला तो त्यामुळेच. पण पायऱ्यांवरचं गिऱ्हाईक कमी झालं, असं मावशी म्हणतात. म्हणून आम्ही चढताना पायऱ्यांनीच जातो.

पैशांचा व्यवहार मी अगदी सुरुवातीला नीट केला नव्हता, ते इथे कबूल केलं पाहिजे. 2010 ला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी माणशी दर पाडून मागितला होता. शाळेचं अंदाजपत्रक तुटपुंजं, असं माझं म्हणणं. मावशी काही बोलल्या नाहीत. निघताना मी हिशोब मनात केला, तांदूळ, डाळ, तेल, सरपण, तिघींची पहाट आणि रात्र. त्यांच्या पदरात काही पडलंच नव्हतं. तेव्हापासून दर मावशी सांगतात आणि मी तो अंदाजपत्रकात तसाच लिहिते. कमी पडलं तर बसच्या थांब्यांवरचा चहा-नाश्ता कापते. आणखी एक नियम केला. एका वर्षी मुलींमध्ये कांजिण्यांची साथ आली आणि सहल चार दिवस आधी रद्द झाली. मावशींनी महाडहून उधारीवर माल भरून ठेवला होता. शाळेकडे रद्द सहलीचा खर्च टाकायला खातंच नव्हतं, तेव्हा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून ते पैसे पाठवले. पुढच्या वर्षीपासून करारात ओळ घातली, सहल आमच्याकडून रद्द झाली तर निम्मी रक्कम घरमालकांना द्यायची.

जुलै 2021 मध्ये महाडला पूर आला, तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तीन दिवस पाचाडचा फोन लागत नव्हता. चौथ्या दिवशी लागला. मावशी म्हणाल्या, "आम्ही बरे आहोत, टाकी तेवढी वाहून गेली." त्या वर्षी सहल नव्हतीच. माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी, ज्यांतल्या काही आता नोकरीला लागल्या आहेत, आपसात पैसे जमवून नवी टाकी पाठवली. तीही काळीच आहे, हजार लिटरची.

आता पाचाड आणि आसपासच्या वाड्यांमध्ये घरगुती मुक्कामाच्या पाट्या वाढल्या आहेत. 2023 मध्ये राज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षाला लाखो माणसं आली. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं, त्यात रायगड आहेच. मला त्याचा अभिमान आहे, आणि काळजीही आहे. गर्दी वाढली की टाक्या वाढतील, बोअर खोल जातील, पण झरे तेवढेच राहणार आहेत. पायथ्याच्या जमिनी बाहेरचे लोक विकत घेऊ लागले तर मावशींसारख्यांच्या ओटीवर उतरण्याचे दिवस संपतील आणि तिथल्याच बाया दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासायला जातील. वारशाच्या नियोजनात पहिला खर्च पायथ्याच्या गावांच्या पाण्यावर आणि संडासांवर व्हावा, आणि मुक्कामाचा पैसा तिथल्या घरांमध्येच राहावा, असं माझं ठाम मत आहे. दगडाची डागडुजी तज्ज्ञ करतील. गड रोज जागता ठेवण्याचं काम या गावांनी साडेतीनशे वर्षं केलं आहे.

शाळांच्या सहली नेणाऱ्या माझ्या शिक्षक मैत्रिणींना आणि मित्रांना एक विनंती आहे. रायगडाला जाणार असाल तर एक रात्र पायथ्याशी राहा. दिवाळीत एकदा स्वतः जाऊन या, टाकीत काठी घालून बघा, संडासापर्यंतची वाट अंधारात चालून बघा, आणि सांगितलेला दर पाडून मागू नका. 6 जूनच्या आणि तिथीच्या सोहळ्याच्या आगेमागे मुलांना नेऊ नका, पाणी कोणालाच पुरत नाही. गडावर राहण्याचे नियम बदलत असतात, ते आधी विचारून घ्या. आणि पहाटे गडाकडे निघण्यापूर्वी दहा मिनिटं काढून मुलांना जिजाऊंच्या समाधीपाशी न्या. ती गावातच आहे, आणि त्या वेळी तिथे गर्दी नसते.